वालधुनी कोणाच्या विषयात येते?

आग्रही : सर, प्रस्ताव साधा आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या महाविद्यालयांत शिकवणारे आपण सगळे कुठल्या ना कुठल्या विषय-परिषदेचे सभासद आहोत. तुम्ही इतिहासाचे, मी भूगोलाची. स्टाफरूममध्ये आपल्या समोर अर्थशास्त्र बसतं आणि दाराशी समाजशास्त्र. प्रत्येकाचं अधिवेशन वेगळं, पत्रिका वेगळी, वर्गणी वेगळी. या परिषदांनी निदान एका प्रश्नावर एकत्र बसावं, आणि तो प्रश्न आपल्या दारातला असावा, एवढंच मी म्हणते. वालधुनी घ्या. काकोळ्याच्या बाजूने ती येते, अंबरनाथच्या शिवमंदिराला खेटून जाते, उल्हासनगरच्या कॅम्पांमधून रंग बदलत कल्याणला उल्हासला मिळते. आमच्या अधिवेशनात तिच्यावर निबंध वाचला जातो तो पाणलोटाचा आणि पुराचा. रसायनशास्त्रवाले बाटल्यांत तिचं पाणी भरून नेतात. समाजशास्त्रवाले काठावरच्या वस्त्यांत प्रश्नावल्या भरून घेतात. अर्थशास्त्रवाले जीन्स धुलाईच्या धंद्याचा हिशेब मांडतात. तुम्ही मंदिरापाशी थांबता. नदी एकच, पण पाचही जणांना एकमेकांनी काय लिहिलं याचा पत्ता नसतो. अंबरनाथच्या पालेगावात काल शेतं होती तिथे आज इमारती आहेत आणि जवळच आनंदनगरची औद्योगिक वसाहत. तिथल्या माणसाने रात्री खिडकी उघडली, उग्र वास आला, आणि उद्या त्याने आपल्याला विचारलं की हे काय आहे, कधीपासून आहे, याचं काय करायचं, तर आपल्यापैकी एकाही विषयाला एकट्याने उत्तर देता येणार नाही. मग विषयांच्या संघटनांनी एकत्र यायला हरकत काय?

साशंक : हरकत काहीच नाही, मॅडम, आणि हीच माझी शंका आहे. ज्या गोष्टीला कोणाचीच हरकत नसते तिच्यातून सहसा काही निघत नाही. विषय-परिषद कशासाठी स्थापन होते ते आधी बघू. ज्ञानासाठी म्हणून, हे खरं आहेच. पण त्याबरोबर ती कुंपणासाठीही स्थापन होते. आमचा विषय वेगळा आहे, त्याला वेगळा विभाग हवा, वेगळा अभ्यासक्रम हवा, वेगळी पदं हवीत, हे सरकारला आणि विद्यापीठाला सांगणारी एक जागा लागते. महाराष्ट्रात परिषदांचे कितीतरी ठराव असेच आहेत: अमुक विषय कनिष्ठ महाविद्यालयात सक्तीचा करा, तमुक विषयाचे तास कमी करू नका. हे मी हिणवून सांगत नाही. वर्कलोड गेलं की पद जातं, आणि पद गेलं की घड्याळी तासांवर राबणारा एखादा मुलगा घरी बसतो. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुकारा आहे. स्टाफरूममध्ये त्याचा अर्थ कसा लावला जातो हे तुम्हालाही माहीत आहे: दोन विषयांचं मिळून एक पद. अशा काळात तुम्ही परिषदांना सांगणार की कुंपण जरा खाली घ्या. ते मान डोलावतील आणि घरी जाऊन कुंपणाला आणखी एक तार लावतील.

दुसरं असं की एकत्र येणं आपल्याकडे आधीच चालू आहे. दर महिन्याला कुठल्या तरी महाविद्यालयात 'आंतरविद्याशाखीय राष्ट्रीय परिषद' असते. महाविद्यालयाचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती यायच्या आधीच्या वर्षात तर जास्तच. नोंदणी शुल्क, पिशवी, उद्घाटनाला दीड तास, आणि मग समांतर सत्रांत एका खोलीत अकरा निबंध, प्रत्येकाला सहा मिनिटं. एकाचा निबंध पेशव्यांच्या जलव्यवस्थेवर, दुसऱ्याचा ऑनलाइन खरेदीवर. प्रमाणपत्र घेऊन सगळे चारची लोकल गाठतात. मग आयएसबीएन असलेला जाड ग्रंथ निघतो आणि तो कोणी उघडत नाही. तुमची संयुक्त परिषद यापेक्षा वेगळी कशी असेल?

आग्रही : वेगळी असू शकते, आणि याचं उदाहरण पुण्यातच आहे, तेही तुमच्याच विषयाच्या शेजारचं. डेक्कन कॉलेजात एक संस्था आहे, इंडियन सोसायटी फॉर प्रीहिस्टॉरिक अँड क्वाटर्नरी स्टडीज. तिच्या नावातच दोन विद्या एकत्र आहेत: प्रागितिहास हा पुरातत्त्वाचा प्रांत आणि क्वाटर्नरी हा भूविज्ञानातला सगळ्यात अलीकडचा कालखंड. 'मॅन अँड एन्व्हायर्नमेंट' ही तिची पत्रिका 1977 पासून निघते. त्यात दगडी हत्यारं, नदीच्या गाळाचे थर, प्राण्यांची हाडं आणि जळलेलं धान्य हे सगळं एकाच अंकात येऊ शकतं. ही संस्था, 1967 साली स्थापन झालेली इंडियन आर्किऑलॉजिकल सोसायटी, आणि इंडियन हिस्ट्री अँड कल्चर सोसायटी, या तिघी आपलं वार्षिक अधिवेशन संयुक्तपणे भरवत आल्या आहेत. एका आवारात भूवैज्ञानिक, पुरातत्त्वज्ञ आणि इतिहासकार आपापले निबंध वाचतात आणि एकमेकांच्या सत्रांत जाऊन बसतात. कोणी कोणात विलीन झालं नाही. सभासदत्व वेगळं राहिलं, पत्रिका वेगळ्या राहिल्या. कुंपण खाली न घेताही फाटक उघडता येतं.

विज्ञानातही तेच दिसतं. अलाहाबादची अकादमी 1930 ची, मेघनाद साहांची. बंगळुरूची 1934 ची, रामन यांची. राष्ट्रीय अकादमी म्हणून 1935 ला कलकत्त्यात तिसरी निघाली. एकाच देशात पाच-सहा वर्षांत तीन अकादम्या निघण्यामागे मोठ्या माणसांचे मतभेद होते, हे लपलेलं नाही. तरी 2007 पासून या तिन्ही मिळून विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती चालवतात. कुठल्या तरी महाविद्यालयातली मुलगी मोठ्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करून येते, आणि तिला कोणी विचारत नाही की तुझी अकादमी कुठली.

साशंक : शिष्यवृत्तीचं मी मान्य करतो, कारण तिथे पैसा आहे, वेळापत्रक आहे आणि एक मुलगी आहे, जिचं काहीतरी प्रत्यक्ष होतं. पण पुण्याचं उदाहरण तुम्ही उलट्या बाजूने वाचताय. डेक्कन कॉलेजात विद्या एकत्र आल्या त्या संस्थांच्या करारामुळे आल्या का? पुरातत्त्वज्ञ सांकलिया गुजरातेत लांघणजला खोदत होते तेव्हा तिथे माणसांचे सांगाडे निघाले, म्हणून मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तिथे गेल्या. कुठल्या परिषदेने ठराव केला नव्हता. पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव. 1968 पासून जवळजवळ पंधरा वर्षं तिथे खोदकाम चाललं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या देखरेखीखाली. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. घरं निघाली, घराच्या जमिनीखाली पुरलेली मुलं निघाली, बार्लीचे दाणे निघाले, गुराढोरांची हाडं निघाली. आता बार्ली कोण ओळखणार? वनस्पतींचा अभ्यासक. हाड बैलाचं की हरणाचं हे कोण सांगणार? प्राणिशास्त्र शिकलेला. दातांवरून त्या मुलांची उपासमार कोण वाचणार? शारीरिक मानवशास्त्रवाला. गाव ओस का पडलं, पाऊस कमी झाला का, याला मातीचा आणि हवामानाचा अभ्यासक हवा. त्या जमिनीने या सगळ्यांना एकत्र बोलावलं. अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार असं तिथे काही लागलं नाही. संस्था आणि संयुक्त अधिवेशनं नंतर आली, जे घडून गेलं होतं त्याला छप्पर म्हणून. तुम्ही आधी छप्पर बांधू पाहताय.

(इथे साशंक थोडा अन्याय करतो आहे. डेक्कन कॉलेज ही स्वतःच एक संस्था होती, आणि वनस्पतीचा अभ्यासक व हाडांचा अभ्यासक तिथे पगारावर होते म्हणूनच ते खड्ड्याच्या काठाशी पोहोचले. पण त्याचा मुद्दा एवढ्याने निकालात निघत नाही.)

आग्रही : ठीक आहे, आधी खड्डा मग छप्पर. पण छप्पर नसेल तर काय होतं ते आपल्याच गावात बघा. अंबरनाथच्या मंदिरातला शिलालेख. त्यातला शक सुरुवातीला 782 असा वाचला गेला आणि मंदिर दोनशे वर्षांनी जुनं ठरलं. मग भगवानलाल इंद्रजींनी पुन्हा बारकाईने पाहून 982 वाचला, म्हणजे इसवी सन 1060, शिलाहार राजा मम्वाणीचा काळ. मिराशींनी 1977 च्या शिलाहार लेखसंग्रहात तो नीट संपादित केला. ही दुरुस्ती होऊ शकली, कारण पहिलं वाचन आणि दुसरं वाचन या दोन्हींची नोंद एकाच ठिकाणी होत होती, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. तिथे डॉक्टरी करणारे भाऊ दाजी लाड शिलालेख वाचत होते आणि त्यांना कोणी म्हणत नव्हतं की तुम्ही तुमच्या नाड्या बघा. 1868 साली जे. जे. कला शाळेतल्या मंडळींनी याच मंदिराची मोजमापं घेऊन रेखाटनं आणि साचे केले. 1882 च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये डोंगर, पाऊस, भात, मिठागरं, जाती, रेल्वे आणि हे मंदिर हे सगळं एका ग्रंथात आहे. आज त्या मंदिराच्या दगडाला काय होतंय हे विचारायचं तर बेसाल्टचा अभ्यासक वेगळा, हवेच्या प्रदूषणाचा वेगळा, मूर्तिशास्त्राचा वेगळा, आणि मंदिराभोवतीच्या जत्रेचा अभ्यास करणारा चौथा. चौघांचं लिखाण चार ठिकाणी. कोणी चुकीचा शक वाचला तरी दुसऱ्याला कळणार नाही.

आणि विद्यार्थ्यांचं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून पर्यावरणाचा अभ्यास पदवीला सक्तीचा झाला तेव्हापासून आपल्या तिन्ही शहरांतली मुलं प्रकल्प लिहितात. त्यातले किती वालधुनीवर असतात हे तुम्ही तपासलेत तर कंटाळाल. त्यांतले काही नुसते उतरवलेले असतात, पण काहींत मुलांनी खरंच काठाने चालत जाऊन लिहिलेलं असतं: कुठल्या नाल्याचं तोंड कुठे आहे, कोणत्या महिन्यात पाण्याला कोणता रंग येतो, पाणी कधी घरात शिरलं. गुण दिले की ते गठ्ठे रद्दीत जातात. परिषदांनी मिळून दुसरं काही केलं नाही आणि या प्रकल्पांचा एकच नमुना ठरवला, जागा कशी नोंदवायची, तारीख कशी लिहायची, मुलाखत घेतली तर काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, तरी दहा वर्षांत या नदीची अशी नोंदवही होईल जी आज कोणाकडेच नाही. हे काम एका विषयाचं नाही आणि एका महाविद्यालयाचंही नाही.

साशंक : नोंदवहीची कल्पना मला आवडली, म्हणूनच तिच्यातली अडचण सांगतो. तुम्ही गॅझेटिअरचं नाव घेतलंत. त्यात सगळ्या विद्या एका ग्रंथात बसल्या, कारण वाचक एकच होता: राज्य करणारा कलेक्टर. महसूल कुठून येतो, बंड कुठे होईल, रस्ता कुठून न्यायचा, हे त्याला हवं होतं, आणि संपादक कॅम्पबेल होता. विद्या एकत्र येतात तेव्हा कोणीतरी एक प्रश्न ठरवतो आणि बाकीचे त्याच्या प्रश्नाची उत्तरं गोळा करतात. आता वालधुनीचा प्रश्न कोण ठरवणार? ज्याच्याकडे प्रयोगशाळा आहे तो. प्रकल्पाला निधी मिळाला तर तो नमुने तपासायला मिळेल, आणि समाजशास्त्राला सांगितलं जाईल की वस्तीत जाऊन लोकांना समजावून सांगा. इतिहासाला सांगितलं जाईल की पार्श्वभूमीची दोन पानं द्या. जगभर ही भीती आहे. 2018 साली पॅरिसमध्ये विज्ञानाची आणि सामाजिक शास्त्रांची अशा दोन आंतरराष्ट्रीय परिषदा विलीन होऊन इंटरनॅशनल सायन्स कौन्सिल झाली. एक 1931 ची, एक 1952 ची. मोठी गोष्ट झाली. पण सामाजिक शास्त्रांच्या लोकांनी तेव्हा हेच विचारलं: आम्ही या घरात मालक म्हणून येतोय की निवेदक म्हणून?

आणि आपल्या नदीचा प्रश्न काही निरुपद्रवी नाही. जीन्स धुलाईचे कारखाने न्यायालयाच्या आदेशानंतर बंद झाले. नदीचा अभ्यासक म्हणेल, चांगलं झालं. अर्थशास्त्राचा माणूस म्हणेल, हजारो हातांचं काम गेलं, आणि काही धंदे आसपासच्या गावांत सरकले, म्हणजे प्रदूषणही सरकलं. समाजशास्त्रवाला म्हणेल, त्या कामगारांत परप्रांतीय किती, त्यांचं नाव कुठल्या यादीत आहे का ते बघा. उल्हासनगरचा अभ्यासक म्हणेल, हे शहरच लष्करी छावणीत वसवलेल्या निर्वासित सिंध्यांचं, 1949 साली नाव मिळालेलं. इथला लहान धंदा हा जगण्याचा मार्ग म्हणून उभा राहिला, आणि त्याच्या आठवणी सिंधीत आहेत, ज्या आपल्यापैकी एकाला वाचता येत नाहीत. यातला प्रत्येकजण आपल्या पुराव्याने बरोबर आहे. तुमच्या संयुक्त परिषदेच्या अहवालात यातलं काय छापलं जाईल? मला माहीत आहे काय छापलं जाईल. 'विकास आणि पर्यावरण यांचा समतोल साधणे गरजेचे आहे.' हे वाक्य लिहायला पाच परिषदा लागत नाहीत.

आग्रही : तुम्ही सांगितलेलं वाक्य मीही हजारदा वाचलंय आणि मलाही त्याचा वीट आलाय. पण तुम्ही जी यादी केलीत, नदीवाला, अर्थशास्त्रवाला, समाजशास्त्रवाला, सिंधी आठवणी, ती तुम्हाला आत्ता सुचली कारण आपण दोन विषयांची माणसं समोरासमोर बसलोय. तुमच्या परिषदेत तुम्ही एकटे असतात तर मंदिराजवळच थांबला असतात. मतभेद दिसायला सुद्धा एकत्र यावं लागतं.

मला नोव्हेंबर 2014 आठवतो. टँकरने नदीत रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेता येईना म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. त्या दिवशी विचारायचे प्रश्न किती होते. रसायन कोणतं, हा रसायनशास्त्राचा. टँकर कुठून आला आणि नदीच्या कोणत्या वळणावर थांबला, हा भूगोलाचा. काठावर एवढी दाट वस्ती कशी झाली, हा तुमचा. रात्री टँकर थांबवायचं काम नेमकं कोणाचं, नगरपालिकेचं, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं की पोलिसांचं, हा राज्यशास्त्राचा. हे सगळे प्रश्न त्या आठवड्यात पत्रकारांनी विचारले. आपल्यातलं कोणीही पुढे आलं नाही. पुढच्या वर्षभरात त्यावर चार निबंध वाचले गेले असतील, चार अधिवेशनांत.

पुराचंही तेच. 26 जुलै 2005 ला उल्हास आणि तिच्या उपनद्यांनी काय केलं ते आपण पाहिलं. मग 2019 च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी, हेलिकॉप्टरच्या पहाऱ्यात, बाहेर काढावं लागलं. चौदा वर्षांच्या अंतराने एकाच खोऱ्यात पाणी चढलं. मधल्या काळात पूररेषेत काय बांधलं गेलं, कोणाच्या परवानगीने, कोणत्या किमतीला विकलं गेलं, हे एका विषयाच्या माणसाला सांगताच येणार नाही. नकाशा माझ्याकडे आहे. सातबारा वाचायची सवय तुम्हाला आहे. घरांच्या किमती अर्थशास्त्राकडे. घेणारा माणूस पाण्याची खूण माहीत असूनही घर का घेतो, हे मानसशास्त्राला विचारा.

असमानतेचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे आणि ते मी माझ्या मसुद्यात घेईन. प्रश्न ठरवायची बैठक प्रत्येक वर्षी वेगळ्या विषयाच्या अध्यक्षतेखाली व्हावी. ज्या वर्षी अध्यक्षपद समाजशास्त्राकडे असेल त्या वर्षी प्रयोगशाळेने समाजशास्त्राच्या प्रश्नासाठी नमुने तपासावेत.

साशंक : फिरतं अध्यक्षपद! आपल्याकडे हा प्रयोग झालेला आहे आणि चांगला दीर्घकाळ झालेला आहे. 1961 चं अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ. पुण्याची साहित्य परिषद 1906 ची, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ 1923 चा, मुंबईचा साहित्य संघ 1935 चा, मराठवाड्याची परिषद 1943 ची. चार घटक संस्था, कार्यालय तीन-तीन वर्षांनी फिरतं. मी त्याचा अवमान करत नाही. साठ वर्षांहून अधिक टिकणं ही लहान गोष्ट नाही आणि संमेलन दरवर्षी भरतं ही तर मुळीच नाही. पण वर्षभर वर्तमानपत्रांत त्याच्याविषयी काय छापून येतं ते आठवा: संमेलन कुठे, अध्यक्ष कोण, निवडणूक की एकमत, निधी किती, मंचावर राजकारणी किती. चार संस्थांनी मिळून भाषेविषयी काय शोधून काढलं, हे त्या बातम्यांत सापडत नाही. महासंघाला एकत्र ठेवणारी वस्तू लवकरच सोहळा होते, कारण सोहळ्यावर सगळ्यांचं एकमत होऊ शकतं.

माझी कसोटी म्हणून सांगतो. कुठलीही परिषद सहकार्याला तयार आहे असं म्हणते तेव्हा मी विचारतो: तुम्ही काय सोडणार? 1951 साली समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी मुंबईत इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी काढली, पुढच्या वर्षी तिची पत्रिका सुरू झाली. दुसरी एक अखिल भारतीय समाजशास्त्र परिषद वेगळी चालत होती. 1967 मध्ये दोन्ही एक झाल्या. दोन अधिवेशनांची दोन व्यासपीठं, दोन अध्यक्ष, यातलं निम्मं कोणीतरी सोडलं म्हणून ते झालं. एकाच विषयाच्या दोन संघटनांना एवढं सोडावं लागलं तर पाच विषयांच्या संघटनांना किती सोडावं लागेल? आणि हे लक्षात ठेवा की मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 ला सुरू झाला तो वनस्पतिशास्त्र शिकलेल्या, शहरं आखणाऱ्या पॅट्रिक गेडिसच्या हाताखाली. नावच होतं नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्र विभाग. जीवशास्त्र, शहर आणि समाज एका खुर्चीत बसले होते. विषयांनी पुढे वेगळं व्हायचं ठरवलं आणि ते त्यांच्या वाढीसाठी आवश्यकही होतं. तुम्ही गेडिसला परत आणू शकत नाही.

आग्रही : गेडिस नको, मला त्या माणसापेक्षा ती खुर्ची हवी आहे, आणि तीही दिवसातून तासभर. काय सोडणार ते सांगते. माझी परिषद आपल्या वार्षिक अधिवेशनातलं एक सत्र सोडेल. ते दुसऱ्या विषयाच्या लोकांनी आखायचं, आम्ही फक्त बसायचं. आमच्या पत्रिकेत वालधुनीवरचा निबंध आला तर त्याच्या परीक्षकांपैकी एक दुसऱ्या विषयाचा असेल, म्हणजे नकार देण्याचा अधिकार आम्ही अर्धा सोडला. नोंदवहीतली माहिती ज्याने गोळा केली त्याच्या नावाने राहील, पण ती त्याच्या परवानगीशिवाय कोणालाही वाचता येईल, म्हणजे मालकी सोडली. आणि तुमच्या त्या समतोलाच्या वाक्यावर उपाय: अहवालात मतभेद असेल तर तो मतभेद म्हणूनच छापायचा, नदीवाल्याचं मत एका पानावर आणि अर्थशास्त्रवाल्याचं समोरच्या पानावर, दोन्ही सहीनिशी.

साशंक : शेवटचं तुम्ही बोललात ते पहिलं असतं तर आपण एवढा वेळ बोललो नसतो. पण नेमकं तिथेच माझं पाऊल थांबतं. परिषद ही माणसांची असते आणि परिषदेला सरकारकडून काहीतरी हवं असतं: अनुदान, मान्यता, समितीवर जागा. समोरासमोरच्या दोन पानांवर दोन विषय एकमेकांना खोडत असतील तर मंत्रालयातला अधिकारी म्हणेल, विद्वानांचंच एकमत नाही, मग आम्ही कशाला काही करू? उद्योजक म्हणतील, अर्थशास्त्राचं पान आमच्या बाजूचं. तंट्याचा फायदा ज्याला तंटा हवा त्याला होतो. उलट एकमताने लिहायचं तर ते समतोलाचं वाक्य. हा पेच विषयांच्या संघटना सोडवू शकतात की नाही, याचं उत्तर मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय.

आग्रही : नाही माहीत. पण मला वाटतं हा पेच एकेकट्या परिषदेला पडतच नाही. तिला वाटतं आपण एकट्या बरोबर आहोत. निदान तो पडू तरी दे.

साशंक : एक पेच पडायला हवा म्हणून मी सही करत नाही. तुम्ही सोडायच्या त्या चार गोष्टी कागदावर लिहा: सत्र, परीक्षक, माहितीची मालकी, समोरासमोरची पानं. खाली तुमच्या परिषदेच्या कार्यकारिणीचा ठराव जोडा, नुसती तुमची सही नको. तोच कागद इतर परिषदांकडे पाठवा आणि बघा, चारही अटींसह कोण तो मंजूर करतं. दोन परिषदांनी केला तरी माझा ठराव मी माझ्या कार्यकारिणीपुढे मांडीन. एकीनेही केला नाही तर नोंदवही तुम्ही आणि मी मिळून सुरू करू, आपापल्या वर्गातल्या मुलांच्या प्रकल्पांपासून, आणि परिषदांना त्यात आणायचं नाही.